लाभ, दोन, तीन

आमच्या फुटबॉल क्लबच्या कागदपत्रांत माझं पद 'साहित्य व्यवस्थापक' असं लिहिलेलं आहे. म्हणजे मी मोजे धुतो. मोजे, जर्स्या, चड्ड्या, टॉवेल, आणि बुटांच्या तळाला चिकटलेला चिखल. सव्वीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे कोण कसा खेळला हे कळायला मला पेपर वाचावा लागत नाही. ज्याची जर्सी कोरडी परत येते त्याच्याशी मी दोन दिवस बोलत नाही. माझा स्वभावच तसा आहे, आणि तो सुधारायचा नाद बायकोने केव्हाच सोडून दिलाय.

खिळ्याची जर्सी कधी कोरडी आली नाही. म्हणून तो एका सकाळी बुटांचे दोन्ही जोड घेऊन माझ्या खोलीत आला, ते टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "काका, हे यंदा तुमच्याकडेच राहू द्या. मी हा सीझन खेळत नाहीये," तेव्हा मला आधी ती थट्टा वाटली. वास्तविक त्याला थट्टा करता येत नाही हे मला चांगलं माहीत होतं.

गुडघा दुखतोय का, मी विचारलं. नाही म्हणाला. दुसऱ्या क्लबने बोलावलंय का? नाही. बायकोशी काही बिनसलंय? छे, तिचं काय. मग झालं काय? घरचं आहे, एवढंच बोलून तो गेला. मोसम सुरू व्हायला नऊ दिवस उरले होते. तो एकोणतीस वर्षांचा, ऐन उमेदीतला. या धंद्यात वर्षभर बाजूला झालेल्या माणसाची जागा कुणी रुमाल टाकून धरून ठेवत नाही. पुढच्या वर्षी घेऊच असं कोचने त्याला सांगितलेलं नव्हतं. उलट, तोंडावर दार लावून घेतलं होतं.

खिळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पेनल्टी मारली की चेंडू गोलाच्या खालच्या कोपऱ्यात खिळा ठोकल्यासारखा जाऊन बसायचा, म्हणून खिळा. सात वर्षांत एकतीस पेनल्ट्या, आणि त्या एका सामन्यापर्यंत एकही वाया गेलेली नव्हती. त्याची पद्धत ठरलेली. चेंडू ठिपक्यावर ठेवायचा, पाठ न वळवता सहा पावलं मागे यायचं, सहाव्या पावलाला टाच बरोबर गोलासमोरच्या मोठ्या चौकटीच्या, म्हणजे बॉक्सच्या रेषेवर टेकायची, मग एक श्वास आणि धाव. ही सहा पावलं त्याला लहानपणी त्याच्या वडिलांनी शिकवली होती, याच मैदानावर.

कारण त्याचे वडील याच मैदानाचे माळी. सगळे त्यांना आबा म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी हे मैदान सांभाळलं. गवत कापणं, पाणी देणं, खड्डे बुजवणं, आणि सामन्याच्या दिवशी सकाळी दोरी लावून पांढऱ्या रेषा मारणं, सगळं तेच करायचे. कोच आले आणि गेले, अध्यक्ष आले आणि गेले, आबा गवतात उभे. नव्या पोरांनी सामन्याआधी उगाच गोलासमोर उड्या मारल्या तर ते अशा शिव्या घालायचे की आम्ही जुनी माणसं कान देऊन ऐकायचो.

त्यांच्या खोलीत मोजायचा टेप खुंटीला टांगलेला असायचा, नवाकोरा. पेनल्टीच्या ठिपक्यासाठी त्यांनी तो कधी काढला नाही. टेप ओला झाला की ताणतो, माझा पाय ताणत नाही, असं म्हणायचे. गोलरेषेवरून सुरुवात करून बारा पावलं टाकायची आणि बाराव्याला टाचेने गवत दाबायचं. एकदा एका रेफ्रीने हट्टाने मोजून बघितलं, तर बोटभराचाही फरक निघाला नाही. मोजताना मात्र ते 'एक' म्हणत नसत. त्यांचे वडील धान्याच्या दुकानात मापं ओतायचे आणि पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचे. तेच आबांच्या तोंडी बसलं होतं. लाभ, दोन, तीन, चार, असं मोठ्याने मोजत ते चालायचे.

आता तो सामना. आदल्या मोसमाचा शेवटचा. जिंकलो असतो तर आम्ही वरच्या गटात गेलो असतो, जिथे जायची वाट हा क्लब अकरा वर्षं बघत होता. एका गोलासमोर चिखल झाला होता, म्हणून आठवडाभर आधी आबांनी तिथलं गवत खरवडून नवे तुकडे बसवले. जुना ठिपका त्यात गेला, सामन्याच्या सकाळी नवा आखला. बरोबरीत असताना शेवटच्या पाच मिनिटांत आम्हाला पेनल्टी मिळाली, नेमकी त्याच गोलावर.

माझ्या शेजारी बसलेल्या मंडळींनी आधीच एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या. खिळ्याने चेंडू ठेवला आणि मागे यायला लागला. मध्येच तो थांबला, खाली बघितलं, पुन्हा चेंडूकडे बघितलं. मी सात वर्षांत त्याला असं थांबताना पाहिलं नव्हतं. मग तो धावला आणि चेंडू वरच्या दांडीला आपटून रस्त्याच्या बाजूला गेला. सामना बरोबरीत सुटला आणि आम्ही होतो तिथेच राहिलो.

खिळा वाकडा झाला, हे वाक्य त्या महिन्यात मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका. पानवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना अचानक पेनल्टी मारता येऊ लागली. आणि त्यावर कडी म्हणजे नव्या मोसमाच्या तोंडावर त्याने खेळायचंच सोडलं. कुणी म्हणालं धसका घेतला, कुणी म्हणालं विकला गेला होता, आता तोंड लपवतोय. मी त्या माणसांशी भांडलो आणि मनातून माझाही संशय धसक्यावरच होता.

दोन आठवड्यांनी बघतो तर खिळा आबांच्या हाताखाली. जुनी पँट, डोक्याला टोपी, हातात खुंट्या. जे गवत तो बुटांनी उखडायचा तेच गुडघ्यावर बसून लावत होता. कोच रोज त्याच्या शेजारून जायचा आणि त्याच्याकडे न बघता जायचा. सरावाला आलेली पोरं हसायची. आबा मात्र खुशीत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, पोराला क्लबने काढलं, घरी बसून कुढत बसला असता, म्हणून मीच ठेवून घेतला, हाताला काम हवं ना. मी खिळ्याकडे बघितलं. त्याने ते ऐकलं होतं. तो रंग ढवळत राहिला.

मला राग आवरत नाही. त्याच दुपारी मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं आणि तोंडावर पळपुटा म्हणालो. एक पेनल्टी चुकली म्हणून बापाच्या मागे लपतोस, म्हणालो. आणखीही बरंच बोललो, ते लिहायची मला लाज वाटते. तो उभा राहून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला की उद्या सामना आहे, सकाळी सहाला जाळी लावायच्या निमित्ताने गोलामागे या, आणि फक्त ऐका.

मी गेलो. आबा गोलरेषेवर उभे राहिले, टोपी सारखी केली आणि चालायला लागले.

"लाभ," पहिलं पाऊल. "एक," दुसरं पाऊल. "दोन. तीन."

मला आधी काहीच लक्षात आलं नाही. मग हातातली जाळी तशीच राहिली. पहिल्या पावलाला लाभ म्हटल्यावर दुसरं पाऊल दोन, हे त्यांना चाळीस वर्षं कुणी सांगावं लागलं नव्हतं. आता ते दोन्ही मोजत होते. त्यांच्या बारा पावलांची तेरा झाली होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. बारा म्हणून त्यांनी टाच दाबली, समाधानाने मागे वळून बघितलं.

खिळा पुढे झाला. म्हणाला, "बाबा, माझं लक्ष नव्हतं, पुन्हा मोजू या का?" आबा त्याच्यावर खेकसले, की खेळताना लक्ष नव्हतं, इथेही नाही, म्हणून तर ही वेळ आली. पण परत रेषेवर आले. या वेळी खिळा त्यांच्या शेजारून चालला. 'लाभ' तो स्वतः म्हणाला, आणि जराही न थांबता 'दोन'ही तोच म्हणाला. तिथून आबांनी धागा पकडला, तीन, चार, पाच. ठिपका जिथे पडायला हवा तिथेच पडला.

नंतर आम्ही राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलो. त्याने सगळं सांगितलं. त्या पेनल्टीला त्याची टाच पाचव्या पावलालाच रेषेवर आली होती. दुसऱ्या सकाळी टेप घेऊन मोजलं तर ठिपका गोलापासून एक पाऊल जास्त लांब होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा पाय चुकला असेल. म्हणून आखून दाखवा म्हणाला, आणि आबांनी त्याच्यासमोर लाभ, एक, दोन केलं. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरायचा आजार आहे, वाढत जाणार, औषधाने थोडा हळू होईल एवढंच. डॉक्टर म्हणाले, अंगवळणी पडलेलं काम चालू आहे तोवर बरं, ते सुटलं की झपाट्याने उतरतील. आबांच्या निवृत्तीला नेमका एक मोसम उरला होता.

"मग क्लबला सांग ना," मी म्हणालो. "ठिपका चुकला होता म्हणून सांग. तुझ्या नावाने खडे फोडतायत लोक."

"आणि मग ते कुणाच्या नावाने फोडतील, काका?" तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी बाबांना घरी बसवतील. आणि अख्ख्या गावाला कळेल की अकरा वर्षांची वाट बाबांमुळे फुकट गेली. पुढच्या वर्षी मैदान इथेच असेल. बाबा मला ओळखतील की नाही, ते कुणी सांगू शकत नाही."

मी त्याची माफी मागितली. आयुष्यात मी फार वेळा मागितलेली नाही, त्यामुळे ती नीट जमली नाही. तो म्हणाला, तुम्ही गप्प राहिलात तरी पुष्कळ झालं. मी तोंड शिवून घेतलं. बायकोलाही सांगितलं नाही, आणि आमच्या घरात हे किती अवघड आहे हे तिला विचारा.

तो मोसम असा गेला. सरावाला जायच्या वेळी खिळा फावडं घेऊन यायचा. आबा गवताला दोनदा पाणी द्यायला निघाले की हा नळाची किल्ली कुठेतरी ठेवून विसरल्याचं सोंग करायचा आणि त्याबद्दल शिव्या खायचा. एकदा आबांनी मधल्या वर्तुळाच्या आत आणखी एक वर्तुळ आखलं. सामन्याला तीन तास होते. बापलेकांनी ओल्या फडक्यांनी गवताची पाती पुसली, आणि आबा पूर्ण वेळ खिळ्याला सांगत होते की असा आंधळेपणा केलास तर मलाही तुला ठेवता येणार नाही. खिळा 'हो बाबा' म्हणायचा. हे मी माझ्या खिडकीतून बघत असे आणि इस्त्री तशीच जर्सीवर राहायची. त्या वर्षी दोन जर्स्या जळल्या.

पण तेवढंच नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. काम संपलं की दोघं टचलाइनजवळ डबा उघडायचे. आबा जुन्या गोष्टी सांगायचे, त्या अजून सगळ्या शाबूत होत्या. खिळा पाच वर्षांचा असताना ठिपक्यावर चेंडू ठेवून रुसून बसला होता, ती गोष्ट मी दहा वेळा ऐकली. खिळा दर वेळी नवीन असल्यासारखी ऐकायचा. सात वर्षं तो रोज याच मैदानावर यायचा आणि बापाशी 'येतो' आणि 'जातो' एवढंच बोलायचा, हे त्यानेच मला सांगितलं.

टीमचं चांगलं चाललं नव्हतं. त्याच्या जागी आलेल्याने दोन पेनल्ट्या घालवल्या. मोसम अर्धा झाल्यावर कोचने मान खाली घालून खिळ्याला गाठलं. आत्ता परत आलास तर मागचं सगळं विसरतो, म्हणाला. खिळा नाही म्हणाला. मग पुढच्या वर्षीही यायची गरज नाही, असं सुनावून कोच निघून गेला. खिळ्याने फावडं भिंतीला टेकवलं. हात पँटला पुसले आणि आबा कुठे दिसतात का ते बघायला गेला.

दोन सामने उरले असताना ते झालं. मी धुतलेले कपडे घेऊन ड्रेसिंग रूममध्ये गेलो होतो. पोरं नेहमीप्रमाणे खिळा वाकडा झाल्याचा विनोद करत होती. दारात आबा उभे होते, ते कुणी बघितलं नाही. आबा तडक कोचच्या खोलीकडे चालायला लागले. कपडे बाकावर टाकून मी मागे गेलो आणि जाताना खिडकीतून खिळ्याला खूण केली.

आबांनी टोपी काढली होती. कोच त्यांना बसा म्हणाला, ते बसले नाहीत.

"साहेब, पोराला काढलंत ते चुकलं," ते म्हणाले. "त्याचा दोष नव्हता. ठिपका मी चुकवला. तो पाचव्या पावलाला थांबला तेव्हाच मला कळलं. सहा पावलं मीच शिकवलीत त्याला. मला हल्ली मोजता येत नाही."

कोचने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण मैदान जाईल म्हणून घाबरलो. बाप असून गप्प बसलो, आणि पोराचा खेळ गेला. आता मला काढा आणि त्याला घ्या."

खिळा तोवर धापा टाकत दारात आला होता. कोचने आधी आबांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि मग माझ्याकडे. तो कडक माणूस आहे, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे मी म्हणणार नाही. त्याला सगळं समजलं एवढं मात्र खरं. हळू आवाजात म्हणाला की आबा, आम्ही त्याला काढलेलं नाही, तो आपणहून थांबलाय. आबांना हे काही केल्या पटेना. आपणहून कशाला थांबेल, असं ते मुलालाच विचारायला लागले.

"तुमच्याबरोबर राहायचं होतं, बाबा," खिळा म्हणाला.

"माझ्याबरोबर काय आहे राहण्यासारखं?" आबा म्हणाले. पण त्यांनी त्याचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

कोचने हे कुणालाही सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्याला मानतो. उरलेले दोन सामने आबांच्या रेषांवरच झाले. तीन दिवसांनी आबा पुन्हा कोचच्या खोलीत गेले, टोपी काढली आणि पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द. आधी सांगितलं होतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांच्या डोक्यातून रस्ते गेले, आठवड्याचे वार गेले, सुनेचं नाव गेलं, पण ही एक गोष्ट हलली नाही. निवृत्त होईपर्यंत ते पाच-सहा वेळा तरी गेले. दर वेळी कोच खुर्चीतून उठायचा आणि सांगायचा की पुढच्या मोसमात तो खेळणार, आबा. दर वेळी त्यांना तितकंच हलकं वाटायचं. आणि कोचने शब्द पाळला.

आता खिळा परत खेळतो. तीस वर्षांचा आहे, पहिल्या काही सामन्यांत दम लागत होता, जर्सी मात्र ओली येते. घरच्या मैदानावरच्या सामन्याला सूनबाई आबांना घेऊन येते आणि गर्दी नको म्हणून माझ्या खोलीत बसवते. त्यांना धुतलेल्या कापडाचा वास आवडतो. मी मोज्यांचा ढीग पुढे ठेवतो, ते जोड्या लावत बसतात, आणि लावलेल्या जोड्या मी नंतर पुन्हा लावतो.

गेल्या रविवारी सामन्याआधी खिळा पूर्ण कपड्यात त्यांना भेटायला आला. आबांनी त्याच्या जर्सीकडे बघितलं, छातीवरच्या चिन्हाला बोट लावलं. मग त्याला शेजारी बसायची खूण केली.

"तू टीममध्ये आहेस का?" त्यांनी विचारलं.

खिळा शेजारी बसला. "हो," म्हणाला.

"माझा मुलगा पण आहे. चांगला खेळतो. माझ्यामुळे त्याचं फार नुकसान झालं. मला त्याला सांगायचंय, पण तो भेटतच नाही. तू सांगशील?"

मी कपाटाकडे तोंड केलं. मागून आवाज आला, "सांगतो. पण तो रागावलेला नाहीये."

"तुला काय माहीत?"

"मी ओळखतो त्याला."

आबांनी विचार केला. "मग सामना झाल्यावर सांग," ते म्हणाले. "आधी सांगितलंस तर त्याचं लक्ष उडेल."

"बरं, आबा," खिळा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना आबा म्हणाला, आम्ही सगळे म्हणतो तसं. मग खाली वाकून मोजे वर ओढले आणि मैदानाकडे गेला.